जुनी दुनळी घेताय? आधी नळ्या बघा

शेतराखणीसाठी किंवा घराच्या संरक्षणासाठी परवाना हातात आहे, पण जुनी १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) दुनळी घ्यावी का, घेतली तर काय बघून आणि किती मोजून, अशी बरीच पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दोन बंदुका बघून ठेवल्यात. एक बर्मिंगहॅमची, साधी, कोरीव काम नसलेली, बॉक्सलॉक (घोड्याची यंत्रणा मधल्या पेटीत), नॉन-इजेक्टर (उडालेली काडतुसं आपोआप बाहेर न फेकणारी). दुसरी लंडनच्या मोठ्या नावाची, साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पत्र्यांवर), नळ्या नव्याने काळ्याभोर केलेल्या. तिचा भाव पहिलीच्या जवळजवळ तिप्पट सांगतात. पैशाची सोय होईल. कुठली घेऊ? (शेतकरी, खानापूर तालुका)

एवढ्या वर्णनावरून आमचा कौल पहिलीला. पण नळ्या मोजल्याशिवाय तीही घेऊ नका.

मोठ्या नावाला भाव का येतो ते आधी लक्षात घ्या. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. म्हणजे देशात जेवढ्या जुन्या विलायती बंदुका आहेत तेवढ्याच हातोहात फिरतात, आणि नावाची किंमत चढत जाते. नाव मात्र दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेलं असतं. खालची नळी झिजली तरी ते तसंच राहतं. स्प्रिंग तुटली तर नवी बसते, फायरिंग पिन घडवता येते, दस्ता बदलता येतो. नळीतून गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून दुनळीची खरी किंमत नळ्यांत असते, आणि बाकी सगळं त्यातून वजा-अधिक करायचं असतं.

नळी झिजते कशी? जुन्या काडतुसांच्या कॅपमधले क्षार नळीत राहायचे, त्यावर पावसाळ्याची ओल बसली की खड्डे पडायचे. विकण्याआधी कोणीतरी आतून घासून खड्डे काढतो. नळी आरशासारखी चकाकते, गिऱ्हाईक खूश होतं, पण भिंत तेवढी पातळ झालेली असते. आतली चकाकी हा चांगल्या नळीचा पुरावा नाही. थोडे बारीक खड्डे असलेली पण जाड भिंतीची नळी आम्ही चकाकणाऱ्या पातळ नळीपेक्षा कधीही वर धरू.

मोजायचं असं. ब्रिटिश बंदुकीच्या नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, प्रूफच्या, म्हणजे जादा दाबाच्या अधिकृत चाचणीच्या, वेळचा व्यास ठोकलेला असतो. १९५४ पूर्वीच्या बंदुकीवर १३, १३/१, १२, १२/१ असे आकडे दिसतात. ते अनुक्रमे ०.७१०, ०.७१९, ०.७२९ आणि ०.७४० इंच. त्यानंतरच्या बंदुकीवर थेट इंचाचा आकडा असतो. बुडापासून ९ इंच आत नळीचा व्यास मोजा. छापापेक्षा १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटर, वाढलेला निघाला तर ब्रिटिश नियमाने ती नळी प्रूफबाहेर गेली. मग नाव कुठलंही असो, भाव भंगाराकडे झुकला पाहिजे.

भिंतीची जाडी वेगळी मोजावी लागते. सर्वांत पातळ जागी २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही जाणकार मानतात ती खालची हद्द. २५ असेल तर निर्धास्त. पातळ जागा बहुधा बुडाकडून १० ते २० इंचांच्या पट्ट्यात सापडते, जिथे डावा हात येतो. भिंत मोजायचा खास गेज नसेल तर बाहेरचा व्यास कॅलिपरने वरून-खाली घ्या, त्यातून आतला व्यास वजा करा आणि निम्मं करा. यात सरासरी कळते, एका बाजूने झिजलेली भिंत कळत नाही. म्हणून उत्तर २५ च्या आत आलं तर खास गेज मिळेपर्यंत थांबा. आतला व्यास मोजायचा लांब दांड्याचा बोअर गेज बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपवाल्यांकडे असतो. तो मागून घेऊन बंदुकीच्या दुकानात आणा. बंदूक कारखान्यात नेऊन विनापरवाना माणसाच्या हाती देऊ नका, ते कायद्यात बसत नाही.

आता दुसऱ्या बंदुकीचा तो काळाभोर रंग. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या मऊ डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. त्या रंगवायची जुनी रीत म्हणजे हळूहळू गंज चढवून तो पुन्हा पुन्हा घासायचा. हल्ली घाईत उकळत्या कॉस्टिक क्षारांत बुडवतात. तो क्षार डाग खातो, पट्टीखाली शिरून बसतो आणि आतून गंज चालू ठेवतो. वर्ष-दोन वर्षांत पट्टी सुटू लागते. त्यामुळे ताजा, चमकदार काळा रंग दिसला की तीन गोष्टी करा. पट्टीवरची अक्षरं आणि बुडाचे छाप बघा. कोपरे गोल, अक्षरं पुसट असतील तर घासकाम जोरात झालंय. नळ्या सुट्या काढून बुडाच्या हुकात बोट घालून लटकत्या धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर डाग शाबूत. खरखर किंवा थप्प आवाज आला तर पट्टी सुटलीय. आणि रंग कोणी, कुठल्या पद्धतीने केला, ते विचारा. धड उत्तर मिळालं नाही तर आम्ही ती बंदूक सोडून देऊ.

साइडलॉकची जादा किंमत हातकामासाठी असते. १८७५ साली पेटंट झालेल्या अ‍ॅन्सन-डीली बॉक्सलॉकमध्ये भाग कमी, बिघाड कमी. नॉन-इजेक्टर असेल तर इजेक्टरच्या स्प्रिंगा आणि त्यांची वेळ जुळवण्याची कटकटही नाही. कमी पैशात जास्त बंदूक हवी तर साधी बर्मिंगहॅम बॉक्सलॉक, २८ किंवा ३० इंची मूळ नळ्यांची, याच्यापुढे जायची गरज नाही.

प्रश्न : माझ्याकडच्या दुनळीत ७० मिलिमीटरचं काडतूस आरामात बसतं. दुकानदार म्हणतो, बसतं म्हणजे चालतं. खरं का? (निपाणी)

नाही. आणि हा गैरसमज धोक्याचा आहे.

काडतुसावर लिहिलेले ७० मिलिमीटर हे उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची लांबी आहे. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६० मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि ६५ मिलिमीटरच्या घरात (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेत) सहज जातं. बार उडाला की दुमड उघडते, पुढे जागा नसते, तोंड नळीच्या निमुळत्या भागात घुसतं. छर्रे आणि त्यांच्यामागचा बोळा (वॅड) त्या आवळलेल्या वाटेने जातात आणि दाब वाढतो. शंभर बार काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण दर बाराला नळ्या बंद धरणाऱ्या कडीची, बिजागराची झीज होत राहते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश १२ बोअर बंदुकांचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. १९५४ नंतरच्या छापांत दाबाचा, टनांतला आकडा असतो : ३ टन म्हणजे अडीच इंची घर, सव्वातीन टन म्हणजे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटर. नंतर कोणी घर वाढवून घेतलं असेल तर छाप जुना आणि घर नवं असा घोळ असतो, आणि त्या जागची भिंतही पातळ झालेली असते. म्हणून छाप वाचा आणि घर मोजाही. खडकीच्या कारखान्याचं असो की दुसऱ्या कोणाचं, डब्यावर लांबी छापलेली असते. घर ६५ चं असेल तर ६५ चंच काडतूस मागा.

छापांत आणखी एक बघा. मुकुटाखाली एन-पी किंवा बी-एन-पी ही इंग्रजी अक्षरं असतील तर बंदूक बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. बेल्जियमच्या लिएजची असेल तर लंबगोलात ई-एल-जी, आणि बिनधुराच्या दारूसाठी सिंहाखाली पी-व्ही. नुसता ई-एल-जी दिसला आणि पी-व्ही नसेल तर ती काळ्या दारूची समजा. आपल्या भागात लिएजच्या बंदुका बऱ्याच आहेत. त्यातल्या काही चांगल्या आहेत, पण इंग्रजी वाटावं असं नाव कोरलेल्या हलक्या मालाचंही प्रमाण मोठं. नावावर जाऊ नका, छाप वाचा.

प्रश्न : एका इनामदार घराण्यातली घोडेवाली दुनळी मिळतेय. नळ्यांवर सापाच्या कातडीसारखी नक्षी आहे. फार जुनी, म्हणून फार मोलाची, असं सांगतात. (चिकोडी)

ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. बहुतेक दमास्कस नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. काहींवर नंतर बिनधुराच्या दारूचं प्रूफ झालं, पण ते छापावरून सिद्ध व्हायला हवं. तसा छाप नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालू नका, एकदाही नाही. पिळाच्या सांध्यांत आत गंज शिरलेला बाहेरून दिसत नाही, आणि फुटते ती डाव्या हाताखाली.

वापरायला बंदूक हवी असेल तर ही घेऊ नका. जतन करायची असेल तर त्या हिशेबाने भाव करा; पण काडतूस बसून बार उडण्याजोगी असेल तोवर ती बंदूकच आहे आणि परवान्यावरच घ्यावी लागते. ‘जुन्या वस्तूला परवाना लागत नाही’ हे ऐकून कोणी घेऊ नये.

उलट फसवणूकही होते. दमास्कसवर काळा रंग चढवून ती पोलादी म्हणून विकतात. फोरएंड (नळ्यांखालचा, हातात धरायचा लाकडी भाग) काढून त्याखालची, बुडाजवळची जागा तिरप्या उजेडात बघा. रंग तिथे पातळ असतो आणि पीळ डोकावतो.

प्रश्न : दुकानात अर्धा तास बंदूक हातात मिळते. क्रमाने काय बघू? (बेळगाव शहर)

पहिल्यांदा उघडा, दोन्ही घरं रिकामी बघा. स्नॅप कॅप, म्हणजे डमी काडतुसं, बरोबर न्या. रिकाम्या घरावर घोडा पाडला तर पिन तुटू शकते.

मग नंबर. नळ्यांचं बूड, अ‍ॅक्शन (नळ्यांमागचा यंत्रणेचा लोखंडी भाग) आणि फोरएंडचं लोखंड या तिन्ही ठिकाणचा नंबर एकच हवा आणि तोच विकणाऱ्याच्या परवान्यावर हवा. एक आकडा जरी वेगळा असेल तर तिथेच थांबा.

फोरएंड काढा. तो लावलेला असताना त्याची स्प्रिंग नळ्या मागे दाबून धरते आणि ढिलेपणा झाकते. तो काढून, बंद करून, दस्ता धरून नळ्या हलवा. टकटक जाणवली, किंवा दिव्यासमोर धरल्यावर नळ्यांचं बूड आणि मागची भिंत यांच्यात उजेडाची रेघ दिसली, तर बिजागर झिजलंय. हे नीट करून देणारा कारागीर असतो, पण त्याचं काम किमतीतून वजा झालं पाहिजे. हुकावर डाग टाकून किंवा पत्रा चिकटवून घट्ट केलेली बंदूक नको. थोड्या बारांत ती पुन्हा ढिली होते. वरची लिव्हर बंद असताना मध्यरेषेच्या जरा उजवीकडे थांबली तर कडीत दम आहे. मध्यावर चालेल. डावीकडे गेली तर कडी झिजली.

नळी खिडकीकडे धरून आत बघा. चौकटीची सावली आत सरळ रेषेत पडते. जिथे रेषा वाकते तिथे पोचा, जिथे काळं कडं दिसतं तिथे फुगवटा. पोचा कारागीर उचलू शकतो. फुगवटा आला म्हणजे नळी ताणली गेली, ती सोडा. तोंडाशी दोन्ही नळ्या जवळजवळ चिकटलेल्या हव्यात. मध्ये फट राहून ती डागाने भरली असेल तर नळ्या कापलेल्या आहेत; चोक (तोंडाशी नळीचा आवळ) गेला, आणि प्रश्न किमतीपुरता राहत नाही. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे.

चाप स्प्रिंग काट्याने ओढून बघा. पुढचा साडेतीन ते ४ पौंडांत, मागचा ४ ते साडेचार पौंडांत पडावा. ३ च्या खाली पडत असेल तर कोणीतरी सिअरला (घोडा अडवून धरणाऱ्या खिटीला) कानस लावली आहे. स्नॅप कॅप घालून सेफ्टी लावा, दोन्ही चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा पडला तर बंदूक परत ठेवा. नंतर सेफ्टी काढलेल्या अवस्थेत दस्त्याचं बूड रबराच्या मॅटवर टेकवून आपटा. तेव्हाही पडता कामा नये.

शेवटी दस्ता. अ‍ॅक्शनला लाकूड भिडतं तिथे आणि मनगटाशी तडा आहे का ते नखाने चाचपा. तिथलं लाकूड काळं, मऊ झालं असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलंय. असं लाकूड धक्का सोसत नाही. स्क्रूच्या खाचा चेचलेल्या असतील तर आत अनाडी हात गेलेत.

दुकानदार काय म्हणेल ही चिंता सोडा. चांगला माल असलेला दुकानदार स्वतःहून फोरएंड काढून देतो.

प्रश्न : मिरजेचे एक गृहस्थ बंदूक विकतायत. माझा परवाना कर्नाटकाचा. सरळ व्यवहार करता येईल का? (अथणी)

येईल, पण कागद आधी. एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकायचं तर विकणाऱ्याने आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. हे शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमात आहे. पोच घ्या. त्या मुदतीत बयाणा दिलात तर पावतीवर ‘परवानगी न मिळाल्यास पूर्ण परत’ असं लिहून घ्या.

तुमच्या परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तो कर्नाटकापुरता असेल तर म्हैसाळ-कागवाडवरून बंदूक गाडीत घालून आणू नका. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी परवानगी काढा. मिरज जवळ आहे म्हणून राज्याची हद्द बदलत नाही. तुमच्याकडे आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी घेता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मर्यादा दोनची आहे. खरेदी झाल्यावर बंदूक कार्यालयात दाखवून नंबर परवान्यावर चढवून घ्या.

प्रश्न : ‘कोडगूची बंदूक आहे, तिला परवाना नको’ म्हणून एक जण स्वस्तात देतोय. (हुक्केरी)

घेऊ नका. कोडगूतली सूट कोडवा समाजाच्या आणि जम्मा (तिथला वंशपरंपरागत हक्क) जमीनधारक व्यक्तींना आहे. ती माणसाला आहे, बंदुकीला नाही. तुमच्या हातात आली की ती विनापरवाना बंदूक.

प्रश्न : १६ बोअरची सुंदर दुनळी १२ बोअरच्या निम्म्यात मिळतेय. (संकेश्वर)

आधी तुमच्या नेहमीच्या दुकानात १६ बोअरची काडतुसं आज शिल्लक आहेत का ते विचारा. १२ बोअर सगळीकडे मिळतो, १६ ला वाट बघावी लागते. स्वस्ताईचं कारण बहुधा तेच. आणि १२ च्या बंदुकीबरोबर १६ किंवा २० ची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या घरातून पुढे सरकून नळीत अडकतं, मागे १२ चं बसतं, आणि बार उडाला की नळी फुटते.

प्रश्न : आमचं गाव भीमगडच्या रानाला लागून. रानडुकरं ऊस ठेवत नाहीत. दुनळी घेतली तर प्रश्न सुटेल ना? (खानापूर तालुका, पश्चिम भाग)

पैसे गुंतवण्याआधी दोन गोष्टी तपासा. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि जुन्या परवानाधारकालाही वनखात्याकडे नोंद करावी लागते. वन्यजीव कायद्याचं ३४ वं कलम बघा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे.

दुसरं, शेतराखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर बंदूक, परवाना आणि माणूस तिन्ही अडकतात. उसाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. तो अर्ज आधी करा. एवढ्यासाठीच बंदूक घ्यायची असेल तर आमच्या मते पैसा कुंपणात घाला.

प्रश्न : वडिलांची जुनी वेब्ली अँड स्कॉट. ते वारल्यापासून पोलीस ठाण्यात जमा आहे. माझ्या नावावर करून घेण्यात अर्थ आहे का, आणि पुढे सांभाळायची कशी? (बेळगाव तालुका)

अर्थ आहे की नाही हे ठाण्यात जाऊन बघितल्यावरच कळेल. लेखी अर्ज करून, अंमलदारासमोर ती उघडून बघा. वारसाला त्याच बंदुकीसाठी परवाना मागण्याची तरतूद नियमांत आहे. वडील हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, तरी ते वारसाचं नाव देऊ शकतात. ज्यांच्या घरी ही स्थिती आहे त्यांनी आत्ताच करून घ्यावं. परवाना व्हायला वेळ लागणार असेल तर बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवायची परवानगी मागा. भाडं द्यावं लागतं, पण तेलपाणी होतं.

जमा करताना, निवडणुकीच्या वेळीसुद्धा, नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, कातडी पेटीत घालू नका. कातडं ओल धरतं आणि त्यातलं टॅनिन लोखंड खातं. खानापूर-बेळगावच्या पावसात एवढ्यानेच नळीला चट्टे पडतात. जाड सुती कापडाची खोळ चालेल. पावतीवर नंबर, नळीची लांबी आणि ‘गंज नाही, तडा नाही’ असा शेरा लिहून सही घ्या.

घरी ठेवताना कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. नळ्यांचं तोंड खाली आणि दस्ता वर असेल तर जादा तेल लाकडात मुरत नाही. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू ओलं लावू नका, आणि ओली झेंडूची माळ रात्रभर नळीवर राहू देऊ नका. आरती झाली की त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, कोरीव कामातली पूड मऊ ब्रशने काढा आणि तेलाचा हात फिरवा. कुंकवाखालची ओल दसऱ्याच्या सकाळपर्यंत राहिली तर तिथे तांबूस ठिपका उठतो, आणि तो घासून काढताना छापाची अक्षरं जातात.